अपात्रांसाठी उघडे दार

शेतकऱ्याने जीव दिला की मारेगावसारख्या तालुक्यात त्याच्या मागे आधी एक फाइल तयार होते. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, आठ-अ, बँकेचे नाहीतर सोसायटीचे थकबाकीचे पत्र, वारसांचे जबाब. तलाठी कागद जुळवतो, तहसीलदार अहवाल पाठवतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण जाते आणि शेवटी एका शब्दात निकाल लागतो. पात्र, किंवा अपात्र. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने ठरवल्याप्रमाणे पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. त्यातले ३० हजार लगेच आणि ७० हजार ठेवीच्या रूपात. अपात्र कुटुंबाच्या हाती कोरा कागदही पडत नाही.

अपात्र कोण ठरते? नापिकी, कर्ज आणि परतफेडीचा तगादा हे सगळे कागदावर सिद्ध व्हावे लागते. ज्याने दुसऱ्याचे वावर मक्त्याने केले, त्याच्या नावावर सातबारा नाही. ज्याने परवाना नसलेल्या सावकाराकडून पैसे उचलले, त्याचे कर्ज कागदावर कर्जच नसते. पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, कोलामाने बापजाद्यांपासून वाहिलेली जंगलजमीन कसली, पण पट्टा मिळाला नसेल, तर तो शेतकरीच नाही. पैसा जनतेचा आहे, तेव्हा निकष असणार आणि त्यांची छाननीही होणार. त्याबद्दल सरकारला दोष देऊन भागणार नाही. पण ज्या बाईच्या दारात हा निकाल येतो, तिला त्यातून एवढेच कळते की आपला माणूस मेला तोही नियमात बसला नाही.

यवतमाळ जिल्ह्याला हे दुःख नवे नाही. १९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले, तेव्हापासून या प्रश्नाची जाहीर नोंद सुरू झाली. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, पॅकेज आले. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचा बळी घेतला. जिल्ह्याच्या पूर्वेला, वणीला लागून असलेला मारेगाव तालुका या बातम्यांत पुन्हा पुन्हा येतो. कपाशी, सोयाबीन, तूर. पाऊस आला तर पीक, नाही तर कर्ज.

अशा मुलखात ‘देवाची कृपा’ हे शब्द उच्चारताना जीभ अडखळली पाहिजे. तरीही ते उच्चारले जातात. वणी, मारेगाव, पांढरकवड्याच्या बाजूला लहान लहान ख्रिस्ती मंडळ्या आहेत. सतरंजी अंथरलेली खोली, पेटी, ढोलकी, कवी नारायण वामन टिळकांची भजने आणि त्यानंतर लोकांच्या ‘साक्षी’: आजारात, कर्जात, दारूच्या पायी उद्ध्वस्त झालेल्या संसारात प्रभूने कसा आधार दिला त्याच्या हकिकती. बाहेरच्याला त्या भाबड्या वाटतात. काही भाबड्या असतातही. मात्र त्यांच्या मुळाशी जी शिकवण आहे ती अजिबात भाबडी नाही, आणि तहसीलच्या फाइलीशी तिचे उभे वैर आहे.

येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला मारेगावच्या मजुराला फोड करून सांगावा लागत नाही. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो. मग दिवस वर आल्यावर, दुपारी आणि उन्हे कलल्यावर पुन्हा चौकात जाऊन आणखी लोक आणतो. दिवस मावळायला तासभर उरलेला असतानाही काहीजण तिथे उभेच असतात, कारण त्यांना कोणी कामाला लावलेलेच नसते. त्यांनाही तो मळ्यात पाठवतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच रोज पडतो आणि पहाटेपासून घाम गाळलेले कुरकुर करू लागतात. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मोजणाऱ्या मुलखात हा हिशेब कोणाला पटेल? धडधाकट गड्याला नाहीच पटणार. वय झाले म्हणून ज्या बाईला कोणी वेचणीला हाक मारत नाही, तिला तो लगेच पटेल. तिलाही रात्री चूल पेटवायचीच असते.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात या एका मुद्द्यावर शतकानुशतके वाद झाले. पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलागियस भांडले, सोळाव्या शतकात लूथरने युरोप हलवून सोडला. माणूस आपल्या पुण्याईने देवाजवळ पोचतो, की देवच आपण होऊन त्याच्यापर्यंत येतो? ख्रिस्ती परंपरेने अखेर दुसऱ्या बाजूला कौल दिला. कृपा कमवता येत नाही, तिला पात्रतेची अट नाही. मराठी माणसाला हे परके वाटायचे कारण नाही. वारकऱ्यांची शरणागती याच वाटेवरची आहे, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे टिळक स्वतःच सांगत.

आश्रयाचेही तसेच. जुन्या करारात यार्देन नदीच्या दोन्ही तीरांवर तीन-तीन अशी सहा शरणपुरे नेमल्याचे वर्णन आहे. ज्याच्या हातून नकळत मनुष्यवध घडला त्याने सूड घेणाऱ्यापुढे पळत तिथे पोचायचे आणि वेशीवर आपली हकिकत सांगायची. गावाने त्याला आत घेऊन जागा द्यायची. परदेशी असला तरी त्याला तोच हक्क. ही व्यवस्था देवळाच्या गाभाऱ्यापुरती नव्हती. ती अख्ख्या गावावर टाकलेली जबाबदारी होती.

महाराष्ट्रात या नावाची एक वसाहत खरोखरच होऊन गेली. नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात शरणपूर वसवले. विल्यम साल्टर प्राइस हे मिशनरी तिचे चालक. अरबी गलबतांतून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकी गुलाम मुले इथे आणली गेली, सुतारकाम, लोहारकाम, लिहिणे-वाचणे शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या तुकडीत गेला. १ मे १८७३ रोजी लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या अंत्यविधीलाही हजर होता. नाशिकला तयार झालेल्या या मुलांपैकी अनेकजण नंतर मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउन वसाहतीत स्थायिक झाले. आज नाशिककर रोज ‘शरणपूर रोड’ म्हणतात, पण कोणाच्या शरणाचे पूर, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

या विश्वासाची खरी कसोटी मात्र केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये लागली.

पंडिता रमाबाईंची गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे असे मानायची पद्धत आहे. प्रत्यक्षात माहीत असतात त्या दोन-तीन ओळी: कलकत्त्याने दिलेली पदवी, शारदा सदन, धर्मांतर. त्याच्या आधीचा भाग कमी सांगितला जातो. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांनी समाजाचा रोष ओढवून घेतला. सगळे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरे. होते नव्हते ते दानधर्मात आणि व्रतांत संपले आणि १८७० च्या दशकातल्या दक्षिणेच्या दुष्काळात हे कुटुंब अक्षरशः उपाशी मरू लागले. मागायची लाज, मजुरी करायची सवय नाही. वडिलांनी जलसमाधीचा विचार केला, तेव्हा थोरल्या भावाने जातीचा अभिमान बाजूला ठेवून मिळेल ते काम करायची तयारी दाखवली. पण वेळ टळून गेली होती. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. उरलेली दोन भावंडे शेकडो कोस चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. दोन वर्षांनी भाऊही गेला. बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाह दोन वर्षेही टिकला नाही. कॉलऱ्याने त्यांना नेले. चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाई अनाथ, विधवा आणि एका मुलीची आई झाल्या होत्या.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. याबद्दल बोलताना बहुतेकजण एक गोष्ट वगळतात. बाप्तिस्म्यानंतरही त्या कोणापुढे मान तुकवून बसल्या नाहीत. त्रैक्याच्या सिद्धान्तापासून धर्मगुरूंच्या अधिकारापर्यंत सगळ्यावर त्यांनी वाँटेजच्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद घातला. इतकेच नाही, १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले की धर्म स्वीकारला, तरी ख्रिस्त भेटायला आणखी आठेक वर्षे जावी लागली. पंडिता म्हणून गाजलेली बाई आपल्या सगळ्या ज्ञानासकट रिकाम्या हातांनी उभी राहिली, तेव्हा कुठे तिला कृपा म्हणजे काय ते कळले. शास्त्रार्थात भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या बाईने हे लिहावे, याला मोल आहे.

मधल्या काळात ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. विधवांना राहायला जागा, शिक्षण आणि धर्माच्या बाबतीत पूर्ण मोकळीक असा करार होता. रमाबाई स्वतः आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले, सुधारक रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक मुलींना घरच्यांनी काढून नेले.

या वादात रमाबाईंची बाजू घेणारे टीकाकारांना सरसकट सनातनी ठरवून मोकळे होतात. ते बरोबर नाही. ज्या पालकांनी तटस्थतेच्या शब्दावर मुली पाठवल्या, त्यांना विचारायचा अधिकार होता. आश्रयाला आलेल्या माणसाच्या गरजेवर आपल्या श्रद्धेचे कलम करायचे नाही, ही अपेक्षा रास्तच आहे आणि आजही ती प्रत्येक धर्मसंस्थेकडून केली पाहिजे. दुसरी बाजूही तितकीच खरी. ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या घरातल्या केशवपन केलेल्या पोरीला पाटी-पेन्सिल दिली होती? शारदा सदनातल्याच गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी मार्च १८९३ मध्ये पुनर्विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. टीकेला कृतीने उत्तर देणारे कर्वे विरळाच.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून ज्या बातम्या येत होत्या, त्या वाचून रमाबाईंना आपले उपासाचे दिवस आठवले आणि त्या उठून तिकडे गेल्या. सरकारी दुष्काळी छावण्यांत त्यांनी काय पाहिले ते त्यांनी नंतर लिहिले: हाडांचे सापळे, पोरक्या मुली आणि त्या मुलींवर टपून बसलेले दलाल. त्या वर्षी तीनशेच्या आसपास बायका-मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आडवे आले, एवढ्यांना शहरात ठेवता येईना. म्हणून दौंड तालुक्यातल्या केडगावच्या माळावर, फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीत तंबू ठोकले गेले. १८९८ मध्ये ‘मुक्ती’ची इमारत उभी राहिली. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांना रोज दोन वेळा जेवू घालायचे, या एका गोष्टीचा विचार करून पाहावा. विहिरी खणाव्या लागल्या. शेती, माग, दूध, धुलाई, छापखाना, सगळे बायकांनीच चालवायचे. ज्या मुलीला काल रस्त्यावरून उचलून आणले, ती महिन्याभरात दुसऱ्या नव्या मुलीची काळजी घेऊ लागे. इथे दान घेणारा आणि देणारा अशी वेगळी पंगत नव्हती.

याच आवारात एक वेगळी इमारत होती: कृपा सदन. दुष्काळात फसवल्या गेलेल्या, बळजबरी झालेल्या, विकल्या गेलेल्या मुलींसाठी. त्या काळच्या समाजाने ज्यांना ‘बिघडलेल्या’ ठरवून दार लावून घेतले होते, त्यांच्यासाठी. विधवेला आश्रय देण्याचे समर्थन सुधारक करू शकत होते, कारण विधवेचा काही दोष नव्हता. कृपा सदनातल्या मुलींसाठी बोलायला मात्र सुधारकसुद्धा कचरत. सहानुभूती मिळवायलाही एक पात्रता लागते आणि ती या मुलींपाशी नव्हती. लूथर आणि ऑगस्टीन वाचून जे समजायला जड जाते, ते या एका इमारतीकडे पाहून चटकन समजते. वृद्ध आणि अपंग बायकांसाठी तिथे प्रीती सदनही होते. कामाच्या दृष्टीने ज्यांचा काडीचा उपयोग नाही, त्यांच्यासाठीही घर.

पुढे रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कमी शिकलेल्या बाईला कळेल असे मराठी हवे, हा आग्रह. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी केडगावच्या बायकांचीच. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या; संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये बाहेर पडले. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट वेगळी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नवऱ्याने, म्हणजे नारायण वामन टिळकांनी, मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या दृष्टीने संसार बुडाला होता. कृपा वगैरे दूरच, देवाने घातलेला तो घाव होता. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या कोणाच्या उपदेशाने नव्हे. एकेक सोवळे गळून पडत गेले आणि सगळी माणसे देवाची, हे आतून पटत गेले. १९३४ पासून भागाभागाने निघालेली ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू येते आणि मधेच डोळे भरतात. टिळक घरातले पैसे रस्त्यावरच्याला देऊन यायचे, आजारी पोरांना घरी आणायचे आणि लक्ष्मीबाई आधी डोक्याला हात लावायच्या, मग त्या पोराला आंघोळ घालायच्या. आश्रय देणाऱ्याच्या बायकोला तो आश्रय किती महाग पडतो, हे इतके खरे मराठीत क्वचितच कोणी लिहिले असेल.

आता पुन्हा यवतमाळ. १९०५ पर्यंत या जिल्ह्याचे नावच ‘वणी जिल्हा’ होते. अमेरिकेतल्या फ्री मेथडिस्ट पंथाचे मिशनरी १८९० च्या दशकात यवतमाळला आले आणि थोड्याच वर्षांत १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळला. अनाथ मुलांना आसरा हेच त्यांचे सुरुवातीचे मोठे काम ठरले. पुढे केळापूर तालुक्यातल्या उमरीला मिशनचे हॉस्पिटल झाले. पांढरकवडा-मारेगाव भागातल्या जुन्या माणसांना ‘उमरीचा दवाखाना’ एवढे म्हटले तरी पुरते. १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. देशभरातले होऊ घातलेले पाळक तीस वर्षे या शहरात शिकले आणि १९८३ मध्ये सेमिनरी पुण्याला हलली. एका अर्थाने या जिल्ह्याने भारतभरच्या मंडळ्यांना कृपेची शिकवण देणारी माणसे पुरवली. नेमक्या त्या सेमिनरीच्या स्थलांतरानंतरच्या दशकांत इथल्या शेतकऱ्याचा गळफास आवळत गेला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पण एवढी शिकवण ज्या मातीत दिली गेली, तिथे आज तिचे काय दिसते, हे विचारायला हरकत नसावी.

दिसते ते संमिश्र आहे. काही ठिकाणी पाळक मयताच्या घरी सर्वांत आधी पोचतो, धान्याचे पोते उतरवतो, मुलांची फी भरतो आणि त्याचा फोटोही काढत नाही. दुसरीकडे सभेत ध्वनिक्षेपकावरून कर्ज फिटण्याची आणि आजार पळण्याची हमी देणारेही वाढले आहेत. ज्याचे कर्ज फिटत नाही, त्याचा विश्वास कमी पडला असे त्याला ऐकवले जाते. म्हणजे तिथेही निकाल तोच, अपात्र. फरक इतकाच की समितीच्या निकालावर फेरविचाराचा अर्ज तरी करता येतो. कृपेच्या नावाखाली पुन्हा पात्रता तपासणारा हा धंदा ख्रिस्ती शिकवणीच्या मुळावर घाव घालतो, आणि तसे जाहीरपणे सांगायचे काम सर्वांत आधी जुन्या मंडळ्यांचे आहे.

चर्चच्या आतली जातही अजून गेलेली नाही. सोयरीक जुळवताना कोण कुठल्या जातीतून आले ते अजून विचारले जाते. बाहेर कायद्याचा फटका बसतो तो वेगळाच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला मात्र तो मिळत नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढण्याची शिफारस २००७ मध्ये केली, २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. देवाच्या दारी जात नाही असे मानून जो आत आला, त्याला दाखल्याच्या खिडकीवर ती श्रद्धा महागात पडते. आमिषापोटीच धर्मांतरे होतात असे ठामपणे सांगणाऱ्यांनी हा व्यवहारही एकदा मांडून पाहावा.

कृपा फुकट असते म्हणून ती स्वस्त असते असे नाही, हे विसाव्या शतकात डीट्रिख बॉन्हॉफर या जर्मन पाळकाने ठासून सांगितले. १९३७ मध्ये त्याने लिहिले, माणसाच्या जगण्यात काहीच न बदलणारी कृपा म्हणजे चर्चने उधळलेला स्वस्त माल. हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी दिले गेले. त्याच्या म्हणण्याचा अर्थ लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कयाच्या गोष्टीत सापडतो. जक्कय हा जकातदारांचा मुख्य, लोकांना लुबाडून गब्बर झालेला, बुटका, उंबराच्या झाडावर चढून गर्दीतून जाणाऱ्या येशूला पाहणारा. येशू खाली थांबतो आणि सांगतो, आज तुझ्या घरी उतरणार. आधी पैसे परत कर, मग येतो, अशी अट नाही. गाव नाके मुरडते. पण जेवणाच्या आधी की नंतर कोण जाणे, जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करायला निघतो.

मारेगावात ही गोष्ट सावकाराला सांगितली पाहिजे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ मध्ये आला. बेकायदा सावकारीतून गेल्या पंधरा वर्षांत बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. शेतकऱ्याला त्याची माहिती नसते, असली तर धीर नसतो, कारण त्याच सावकाराकडे पुढच्या पेरणीला हात पसरायचा असतो. अर्ज लिहून देणे, सोबत जाणे, सुनावणीच्या तारखांना बाजूला बसणे ही कामे वकिलापेक्षा शेजाऱ्याची आहेत. पाळकाचीही आहेत. आणि एखादा सावकार स्वतःच पुढे होऊन सातबारा परत करायला तयार झाला, तर त्याला हिणवून परत पाठवू नये.

या भागातल्या मंडळ्यांकडे फार पैसा नाही. परदेशी मदतीचा ओघ कधीच आटला आहे. पण प्रत्येक गावात अपात्र ठरलेले घर कोणते, हे गावाला माहीत असते. त्यासाठी सर्वेक्षणाची गरज नाही. पेरणीच्या तोंडावर अशा एका घराचे बियाणे, शाळा उघडताना एका मुलीचे पुस्तक-गणवेश, आणि समितीचा निकाल विरुद्ध गेला असेल तर फेरविचाराचा अर्ज. एका मंडळीने एका वर्षी एक घर सांभाळले तरी पुष्कळ झाले. हे करताना बाप्तिस्म्याचा विषय काढू नये, नोंदवहीत धर्माचा रकाना ठेवू नये आणि घेणाऱ्याला रविवारी उपासनेला येण्याची अट, उघड किंवा आडून, घालू नये. मंदिर समित्या, विहारे, मशिदींच्या जमाती यांनीही हीच रीत धरली तर कोणाच्या हेतूवर शंका घ्यायचे कारण उरणार नाही.

आणि ज्याच्या मनात आज रात्रीच काही वेडेवाकडे येत असेल, त्याने कोणत्याही निकषाची वाट पाहू नये. घरच्या माणसाशी, शेजाऱ्याशी, पाळकाशी, मास्तरांशी, ज्याच्याशी बोलवेल त्याच्याशी बोलावे. टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.